दोरीवरच्या हिरव्या चादरी

प्रिय मने,

परवा फोन मीच मध्ये ठेवला, त्याचा राग अजून नाकावर असेल तर आधी घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'वहिनी, आधी माझं ऐक' म्हणून सुरू करतेस, मी ऐकत राहते आणि माझं सांगायचं राहून जातं. त्यापेक्षा कागद बरा, तो मध्ये तोंड घालत नाही. तेव्हा आज सकाळच्या धारा काढल्या, गोठा धुतला, कॅन उन्हात पालथे घातले आणि बसले लिहायला. पत्र लांबणार आहे. ऑफिसात वाचू नकोस, मध्येच खुदकन हसलीस तर लोकांना वाटेल बाईंचं डोकं फिरलं.

तुला माझ्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. गाई विकून मी तुझ्याकडे कायमची यायचं की नाही. तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, पडदे शिवलेस, कपाटाचे दोन खण रिकामे केलेस आणि नवऱ्याला त्याची व्यायामाची सायकल बाल्कनीत हलवायला लावलीस. बिचारा. इतका जीव लावणारी नणंद दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, हे मी चारचौघांत सांगत असते. पण दहाव्या मजल्यावर पहाटे उठून मी करू काय? लिफ्टने वर-खाली? इकडे व्यापारीही येऊन गेला. त्याने पांढरीचं तोंड उघडून दात पाहिले, तांबडीच्या पाठीवर थाप मारली आणि भाव असा सांगितला की जणू माझ्यावर उपकारच करतोय. मी त्याला चहा पाजला आणि महिनाअखेरीस कळवते म्हटलं. तेव्हा माझ्यापुढे दुसरी वाटच नव्हती, मने. डेअरीने माझं दूध बंद केलं होतं. गाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या आपल्या देतच होत्या.

तुला मी फोनवर 'डेअरीचं काहीतरी चाललंय' एवढंच म्हटलं होतं. आता नीट सांगते. डेअरीच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत, काडीसारख्या बारीक, सदा हातात विणकाम. त्या प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत घेतात, त्यात निळा रंग टाकतात आणि नळ्या कोमट पाण्यात उभ्या करून ठेवतात. दुधात जंतू कमी असतील तर निळा रंग कितीतरी वेळ टिकतो. जंतूंचा बाजार भरला असेल तर बघता बघता निळं नाहीसं होतं आणि दूध पुन्हा पांढरंफेक. म्हणजे बघ, जन्मभर आपण पांढऱ्याशुभ्र दुधाचा तोरा मिरवला आणि इथे पांढरं झालं की नापास. नळ्या लावल्या की बाई विणायला बसतात. दूध चांगलं असेल तर त्यांची अख्खी बाही विणून होते. माझं दूध पहिल्या दोन ओळींत पांढरं झालं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कॅन परत दिले. मी म्हटलं, होतं एखाद दिवस. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. गुरांच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हमखास नापास, एरवी पास. मग मात्र बाईंनी सुया खाली ठेवल्या, आणखी काही तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे जंतू जनावराच्या आतड्यातले आहेत, धार काढताना शेण पडतंय का बघा. माझ्या गोठ्यात शेण पडतंय म्हणे. जिथे तू लहानपणी खाली सांडलेले शेंगदाणे वेचून खायचीस, त्या गोठ्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

भरीस भर म्हणून पोस्टमन आडवा झाला. तोच आपला मिशीवाला. टपालाची पिशवी खांद्याला लावून रोज सकाळी गोठ्याच्या दारात उभं राहायचं आणि पेलाभर दूध धारोष्ण, न उकळता प्यायचं, हा त्याचा नेम. उकळून देते म्हटलं की म्हणायचा, उकळलं की दुधातला जीव जातो. या खेपेला दुधातला जीव त्याच्या पोटात उतरला. पुढचे काही दिवस त्याने घरातल्या सगळ्यात लहान खोलीत काढले आणि अर्ध्या वस्तीचं टपाल त्याच्या खुंटीवर लटकत राहिलं. आता ठणठणीत आहे, उकळलेलंच पितो, वर दुसऱ्यांना उपदेशही करतो. पण तेव्हाचं सांगते, मने. माझ्या हातचं पिऊन माणूस अंथरुणाला खिळला. त्याच्या जागी एखादं लहान मूल असतं तर? त्याच दुपारी मी डेअरीत जाऊन सांगितलं, कारण सापडेपर्यंत माझं दूध घेऊ नका. बाई बंद करणारच होत्या, मी त्यांचे शब्द वाचवले. दूध उकळून वासरांना पाजायचं आणि उरलेलं खड्ड्यात ओतायचं, असा कार्यक्रम सुरू झाला. दूध ओतताना मी दुसरीकडे बघायची.

आता आतड्यातले जंतू म्हटल्यावर माझं डोकं कुठे धावलं असेल ते तुला सांगायला नको. भिंतीपलीकडच्या कत्तलखान्याकडे. तुझा दादा जन्मभर तेच सांगत राहिला ना, की कत्तलखान्याच्या हौदातलं पाणी कुठून तरी आपल्या विहिरीत येतंय. दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी बाटलीत भरायचं, त्यांच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं आणि आतल्यांना म्हणायचं, प्या. एवढंच. कधी शिवी नाही की आवाज चढवणं नाही. ते हसायचे. एकदा तपासनीस बोलावले तर ते नेमके भलत्याच दिवशी उगवले आणि पाणी शुद्ध म्हणून सांगून गेले. मग काय, त्याचं नावच 'बाटलीवाला' पडलं. ज्या माणसाने कधी दारूचा थेंब चाखला नाही त्याला नवखी माणसं दारुडा समजायला लागली. प्यायचं पाणी त्याच्या सांगण्यावरून आपण उकळूनच घ्यायचो, पण शेवटी शेवटी मीही म्हणायचे, पुरे आता. तू तेवढी शेवटपर्यंत त्याच्या बाजूची. शाळेत मुलींनी 'बाटलीवाल्याची बहीण' म्हटलं म्हणून तू त्या फाटकावर शेणाचा गोळा भिरकावलास आणि तो पहारेकऱ्याच्या टोपीवर जाऊन बसला. दादा तुला केवढा ओरडला होता. पण ओरडून झाल्यावर तो गोठ्यामागे जाऊन पोट धरून हसला, हे तुला माहीत नसेल. तो गेल्यावर ती बाटली मी कोनाड्यात ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

तर मी तडक फाटकावर गेले. तिथे सांडपाण्याचा मुकादम आता नवा आहे, म्हणजे दादा गेल्यानंतर आलेला. उंच, जरा वाकून चालणारा, पन्नाशी उलटलेला, एकटाच राहणारा, अंगाला कायम फिनेलचा वास. कापणाऱ्यांचं काम संपलं की त्याचं सुरू होतं. रक्त, धुण्याचं पाणी, आतड्यातली घाण, सगळं एका बंद हौदात सोडायचं आणि टँकरने रवाना करायचं. मी असं तोंड सोडलं की पहारेकरी खोलीत जाऊन बसला. हा मात्र हात मागे बांधून सगळं ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला की हौद मी स्वतः उतरून घासलाय, गिलावा नवा आहे, थेंब बाहेर जात नाही, दोष तुमच्या गोठ्यात असणार. मी म्हटलं, या बघायला. तो म्हणाला, तुम्हीही या हौद बघायला. मग काय, गेलो. मी नाकाला रुमाल लावून त्याचा हौद फिरून पाहिला, कुठे तडा दिसला नाही. तो माझ्याकडे आला आणि गोठ्याच्या दारातच थबकला. मला वाटलं, नाक मुरडतोय. ते नव्हतं. त्याला गाईची भीती वाटते. कत्तलखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, आणि पांढरीने नुसतं नाक फेंदारलं तर हा दोन पावलं मागे. त्याचा जनावराशी संबंध सगळं आटोपल्यावर यायचा, जिवंत जनावराशी वागायची वेळच कधी आली नव्हती. दारातूनच मान लांब करून त्याने गोठा पाहिला आणि कबूल केलं की त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे.

त्यानंतर आमचं भिंतीवरून रोजचं भांडण सुरू झालं. तो म्हणायचा, हौद बरोबर आहे. मी म्हणायचे, गोठा बरोबर आहे. दोघंही खरं बोलत होतो आणि डेअरीत नेलेला नमुना मात्र नापास होत होता. एक सांगू का? भांडायला माणूस बरा होता. माझं बोलणं पुरं होऊ द्यायचा. तुझ्यासारखं नाही.

आता हिरव्या रंगाची गोष्ट. कत्तलखान्यात तपासणीत जे मांस नापास होतं त्यावर हिरवा रंग ओततात, म्हणजे ते कुणी चोरून विकू नये. खाण्यातलाच रंग, पोटात गेला तर अपाय नाही, पण कापडाला लागला की कापड गेलं. मुकादमाच्या मनात आलं, या बाईचं तोंड एकदाच काय ते बंद करावं. बाजाराच्या संध्याकाळी हौद काठोकाठ भरलेला असताना त्याने शिल्लक होते तेवढे रंगाचे डबे हौदात रिकामे केले. मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तुमची विहीर बघा, हिरवा थेंब दिसतोय का बघा, असं म्हणून तो मला भिंतीशी उभी करणार होता.

आणि इकडे मी नेमक्या त्याच सकाळी पांढऱ्या चादरी धुवायला काढल्या. अजून नीट उजाडलं नव्हतं, बादलीत पाणी कसं दिसतंय ते कोण बघतो. पिळल्या, दोरीवर टाकल्या, ऊन आलं आणि बघते तर काय, चादरी पोपटासारख्या. त्याच बादलीत मी तू पाठवलेला हिरवा गाउन भिजवला होता. मने, खरं सांगते, मी त्या गाउनचा उद्धार केला. एवढा महागाचा गाउन आणि रंग सोडतो. एवढी शिकली पण कापड काही पारखता येत नाही, असंही म्हणाले, ते तू मनावर घेऊ नकोस. मी दोरीसमोर उभी राहून गाउनशी भांडत होते आणि मागच्या दाराने मुकादम आला. त्याने चादरी पाहिल्या. मग आमच्या गुरांच्या डोणीत पाणी पिणारी पांढरी पाहिली, तिच्या मुस्कटाला हिरवी किनार. त्याचा चेहरा खाडकन उतरला.

आता जरा विचार कर. तो तेव्हा गप्प बसला असता तर मला या जन्मात काही कळलं नसतं. मी गाउनला दोषी ठरवून मोकळी झाले होते. हो ना, हल्ली कापड चांगलं येतच नाही, असं म्हणून तो परत फिरला असता, महिनाअखेरीस गाई विकल्या गेल्या असत्या आणि भिंतीवरचं भांडण कायमचं मिटलं असतं. त्याने तसं केलं नाही. तो म्हणाला, "बाई, गाउनला बोलू नका. रंग मी टाकलाय. पाणी आमचंच आहे."

मी आधी हसले. चादरी बघ, पांढरीचं तोंड बघ आणि त्याचा चेहरा बघ, हसू नाही तर काय करू. मग मला एकदम दादा आठवला, बाटली घेऊन उन्हात उभा असलेला, आणि रडू आलं. त्याला मी पुरे म्हटलं होतं, तेच डोक्यात फिरायला लागलं. मुकादम बिचारा उभाच. पाण्याचा पेला द्यावा तर पाणी हिरवं. शेवटी त्याने स्वतःच्या डब्यासोबतची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. पाणी प्यायले, डोळे पुसले, आत जाऊन कोनाड्यातली दादाची बाटली काढली, विहिरीचं पाणी तिच्यात भरलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती लगेच ओळखली. बाटलीवाल्याचा विनोद त्याला फाटकावरच्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकवला होता.

तो पुढे, मी मागे, असे आम्ही त्याच फाटकातून आत गेलो. मॅनेजर बसला होता, आणखी दोघं-चौघं होते. मुकादमाने बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे आपल्या हौदाचं पाणी, यांच्या विहिरीतून काढलेलं. या बाटलीला आपण इतकी वर्षं हसलो. ती खरं बोलत होती." कुणी हसलं नाही. मॅनेजरने समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं की आपण गुपचूप दुरुस्ती करू, बाहेर बोलायची गरज नाही. दुधाने माणूस आजारी पडला आहे, डेअरीला सांगावंच लागेल, असं मुकादम म्हणाला. मग मॅनेजरने त्याला नोकरीची आठवण करून दिली. त्यावर याने इतक्या गरीब चेहऱ्याने उत्तर दिलं की मला आत हसू आवरेना. म्हणाला, काढा साहेब, पण इथलं कुठलं गटार कुठे जातं हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, तेवढं जायच्या आधी कुणाला तरी शिकवायला माणूस द्या. नोकरी राहिली. बाटली तशीच डेअरीत प्रयोगशाळेच्या टेबलावर गेली, लोकरीच्या गुंड्याशेजारी.

भिंतीलगत खणलं तेव्हा एक जुना पाइप निघाला. हौद बांधायच्या आधी सगळी घाण त्यातूनच सोडायचे. हौद झाल्यावर पाइपचं तोंड चार विटा लावून बुजवलं, वर गिलावा ओढला आणि विसरून गेले. ते तोंड हौदाच्या वरच्या अंगाला होतं. एरवी पाणी तिथवर पोचायचंच नाही. बाजाराच्या दिवशी हौद तुडुंब भरला की विटांच्या वर्षागणिक वाढत गेलेल्या फटीतून पाणी पाइपात शिरायचं आणि आपल्या विहिरीपाशी येऊन झिरपायचं. दादाला दिवस बरोबर कळला होता, वाट तेवढी सापडली नव्हती.

इथे मी विजयाने छाती फुगवून उभी होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाईंनी हवा काढली. त्या म्हणाल्या, विहीर घाण झाली हे खरं, पण कॅन तुम्ही उकळत्या पाण्याने धुता ना, मग विहिरीचं पाणी दुधात शिरलं कसं? त्यांनी एक कॅन उचलून उजेडात धरला. तळाशी बांगडीएवढं हिरवं वर्तुळ. आठव मने, तुझी आई काय करायची. उकळतं पाणी ओतून झालं की शेवटी तांब्याभर गार विहिरीचं पाणी फिरवायची, कारण तापल्या भांड्यात दूध ओतलं तर नासतं. तिने मला शिकवलं, मी तुला शिकवलं. तिकडे दादा फाटकावर बाटली घेऊन उभा आणि इकडे आपण दोघी तेच पाणी एकेका कॅनमध्ये मायेने फिरवतोय. उकळून मारायचे आणि वरून ताजे घालायचे. बाई म्हणाल्या, नुसता पालथा घाला, आपोआप गार होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मुकादम शेजारीच होता. इतक्या दिवसांचं उट्टं काढायला याहून चांगली संधी मिळाली नसती, पण तो आढ्याकडे बघत राहिला. मीच म्हटलं, चूक निम्मी तुमची, निम्मी आमची. त्याने मान हलवली. हा हिशेब बरोबर नाही म्हणाला, आमचा हौद केवढा आणि तुमचा तांब्या केवढा.

पाइप फोडून काढला, हौदातलं त्याचं तोंड सिमेंटने बंद केलं, विहीर उपसून औषध टाकलं, आणि कत्तलखान्याच्या खर्चाने गोठ्यात नळ आला. मग पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी नमुना घेऊन गेले. काय सांगू, परीक्षेला तू बसली होतीस तेव्हाही माझी अशी अवस्था नव्हती. मी, मुकादम आणि पोस्टमन, तिघं एका बाकावर नळीकडे डोळे लावून. बाई विणत होत्या. पांढरं झालं तर व्यापाऱ्याला निरोप धाडायचा, असं मी मनाशी ठरवूनच गेले होते. निळं होतं. बाईंनी डबा उघडला, खाल्ला, हात धुतले, निळंच. बाही पुरी झाली, दुसरी धरली, तरी निळंच. शेवटी त्या म्हणाल्या, "जा आता घरी, माझी लोकर संपेल पण हे काही पांढरं व्हायचं नाही." पोस्टमनने टाळ्या वाजवल्या. दादाला हे कळायला हवं होतं, असं मी म्हणून गेले. त्याच संध्याकाळी मुकादम डेअरीतली बाटली स्वच्छ धुऊन, पुसून घेऊन आला आणि तिची जागा कोणती ते विचारलं. मी कोनाडा दाखवला. त्याने ती जपून ठेवली, टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि गेला.

आता तू भुवया उंचावल्या असशील. उंचाव. विहीर स्वच्छ झाली, नळ आला, तरी मुकादम रोज संध्याकाळी विहीर बघायला येतो. विहिरीत बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. कामावरून घरी जाऊन आंघोळ करून येतो, तरी फिनेलचा वास येतोच, आणि मला आता तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. गाईची भीती कमी व्हावी म्हणून मी त्याला चारा घालायला लावते. पांढरीला तो 'अहो' म्हणतो. अहो, जरा सरकता का, असं. परवा तू फोनवर कपाटाचे खण सांगत होतीस ना, तेव्हा पांढरीने त्याची टोपी डोक्यावरून उचलून चघळायला घेतली होती आणि तो तिला हात जोडत होता. मला हसू आवरेना, तुला वाटलं असतं मी तुला हसते, म्हणून फोन ठेवला.

तर मने, व्यापाऱ्याला मी नाही म्हणून कळवलं आहे. तुझ्या नवऱ्याला त्याची सायकल परत खोलीत आणायला सांग. आणि आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते लिहिते. मुकादमाने मला लग्नाचं विचारलं आहे. मला हो म्हणायचं आहे. या वयात असं वाटेल असं मला वाटलं नव्हतं, पण वाटतंय, आणि ते तुझ्यापासून लपवून मला सुख लागणार नाही. मी त्याला सांगितलं, आमच्या घरात एक मोठं माणूस आहे, वयाने लहान, तिला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. तो तुला पांढरीपेक्षा जास्त घाबरतो. शेणाच्या गोळ्याची गोष्ट त्याला ठाऊक आहे. म्हणतो, ताईंना म्हणावं या, मी नवी टोपी घालून त्याच फाटकावर उभा राहतो, आधी गोळा मारा आणि मग काय ते ठरवा. शेण मी ताजं देईन, त्याची काळजी नको. मला काळजी आहे ती वेगळीच. मी या घरात आले तेव्हा तू दाराआड उभी होतीस, दात पडलेली, आणि सगळ्यांच्या आधी मला 'वहिनी' म्हणून हाक मारलीस. ती हाक दादामुळे आली होती. आता मी दुसऱ्या कुणाची झाले तर ती जाईल का, एवढंच मला विचारायचं होतं. चादरी गेल्या, गाउन गेला, त्याचं काही नाही. हे नाव गेलं तर मला सहन होणार नाही, मने. सध्या जुन्या सवयीने खाली सही करते. ती ठेवायची की खोडायची, ते तू येऊन मला सांग.

तुझीच,
वहिनी